अर्थाआधी आवाज: कोकणातल्या वर्गात कविता शिकवण्याच्या कृती

कवितेच्या तासाचा ठरलेला साचा सगळ्यांना ठाऊक आहे. बाई चालीत म्हणतात, मुलं मागून म्हणतात. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर येतात, मग ‘कवी इथे असे सांगतो की’ सुरू होतं आणि शेवटी स्वाध्याय. यात मुलांच्या वाट्याला काम येतं ते फक्त उतरवून घेण्याचं. पुढे दिलेल्या कृतींमध्ये क्रम उलटा आहे: कविता आधी कानावर पडते, मग हातापायात उतरते, मग तिचे तुकडे करून जोडले जातात, आणि अर्थाची चर्चा त्यानंतर. तोवर निम्मा अर्थ मुलांनीच लावलेला असतो. शिक्षकाला सांगायचं थोडंच उरतं, आणि ते थोडंच सांगावं.

तिसरी ते आठवीपर्यंत हे चालतं. एका कवितेला 35 मिनिटांच्या चार तासिका लागतात. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्याच कवितांना एवढा वेळ देता येणार नाही, देऊही नये. सत्रातल्या दोन कविता अशा सविस्तर घ्याव्यात आणि बाकीच्यांना यातली एखादी कृती लावावी.

उदाहरण म्हणून खाली आठ ओळींची एक कविता याच लेखासाठी रचून दिली आहे. वर्गात खुशाल वापरा. (कुर्ली म्हणजे खेकडा, चाळ म्हणजे नाचताना पायांत बांधायचे घुंगरू.)

पत्र्यावर पावसाचा
ढोल वाजतो तालात,
चाळ बांधून ओहळ
नाचत येतो शेतात.

कुर्ली बघे बिळातून
डोळे काढून बाहेर,
पाहुण्याने आणलाय
चिखलाचाच आहेर!

आधीची तयारी

कविता पहिल्यांदा घेताना आठ ते बारा ओळींची घ्यावी. त्याहून मोठी असेल तर दोन कडवी निवडून त्यांवरच काम करावं. निवडताना एक गोष्ट बघायची: तिच्यात डोळ्यांना दिसणारं आणि कानांना ऐकू येणारं काही आहे का? ‘सत्य, सेवा, त्याग’ अशी नुसती भाववाचक नामांची रांग असलेल्या कवितेवर या कृती चालत नाहीत. ती दुसऱ्या रीतीने शिकवावी.

साहित्य घरातलंच. पाचजणांचा एक गट धरला तर 25 मुलांच्या वर्गाला ओळींच्या पट्ट्यांचे पाच संच लागतात. ए-फोर कागद आडवा धरून लांबीच्या दिशेने चार पट्ट्या कापल्या की प्रत्येक पट्टी साधारण पाच सेंटिमीटर रुंद होते. आठ ओळींना दोन कागद, म्हणजे पाच संचांना दहा कागद. पाठकोऱ्या कागदावर स्केचपेनची शाई मागून उमटते आणि ओळ वाचताना गोंधळ होतो, त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या पानांची पाठ उत्तम. अक्षर दोन सेंटिमीटर उंचीचं हवं, नाहीतर गटातला एकच मुलगा पट्टी नाकाशी धरून वाचतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात.

पट्ट्या करताना दोन गोष्टी हमखास विसरतात. एक, ओळीच्या शेवटचे स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्हं लिहायची नाहीत. चिन्ह दिसलं की मुलं ओळ न वाचताच ती कुठे बसणार ते ओळखतात. दोन, प्रत्येक संचाच्या पाठीवर वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. तास संपताना सगळ्या पट्ट्या जमिनीवर एकत्र होतात आणि ठिपके नसतील तर पुढची दहा मिनिटं निवडण्यात जातात.

आणखी एक तयारी खास आपल्याकडची. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या वर्गात जोराची सर आली की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. त्यावर ओरडून वाचण्यात अर्थ नाही. घसा बसतो आणि कविता भांडणासारखी ऐकू येते. म्हणून ऐकण्याची आणि पट्ट्या जुळवण्याची अशा दोन्ही तासिकांची तयारी एकाच दिवशी जवळ ठेवावी. उघडीप असेल तर वाचन, सर आली की पट्ट्या. कविता पावसाचीच असेल तर सर सुरू असताना दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून नुसतं ऐकावं आणि ऐकलेला आवाज एकेका शब्दात वहीत उतरवावा. ‘रिमझिम’ हा शब्द त्या दिवशी बंद. पत्र्यावर कोकणातला पाऊस रिमझिम वाजत नाही.

पहिली तासिका: पुस्तक मिटून

मुलं अर्धगोलात. पुस्तकं दप्तरात, फळा कोरा. कविता तीनदा वाचायची आणि तिन्ही वेळा मुलांना वेगळं काम द्यायचं.

पहिलं वाचन चाल न लावता, बोलल्यासारखं. स्वल्पविरामाला छोटा थांबा, कडवं संपलं की मनात दोन आकडे मोजून मग पुढे. मुलांनी काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. वाचून झाल्यावर लगेच ‘कशाबद्दल आहे?’ विचारू नका.

दुसऱ्या वाचनाला डोळे मिटलेले. काम: ‘जे चित्र सगळ्यात स्पष्ट दिसेल ते धरून ठेवा.’ नंतर प्रत्येकाने एकेक शब्द सांगायचा. वाक्य नको, शब्दच. ते सगळे शब्द शिक्षकाने फळ्यावर लिहायचे, चुकीचा असला तरी. कुणी ‘बेडूक’ म्हणेल. कवितेत बेडूक नाही, पण त्याला तो दिसला. तो शब्द पुसायचा नाही. पुढच्या वाचनात तो आहे की नाही हे मुलंच तपासतील.

तिसऱ्या वाचनात दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवटचा शब्द गिळायचा आणि हात पुढे करायचा. ‘नाचत येतो...’ आणि वर्ग म्हणतो, ‘शेतात!’ इथे चुकीचा पण तालात बसणारा शब्द आला, समजा ‘दारात’, तर तो उचलून धरावा. त्या मुलाच्या कानाला यमक कळलं आहे. ‘यमक’ ही संज्ञा यानंतर सांगितली तर ती व्याख्या म्हणून पाठ करावी लागत नाही.

या तासिकेत चाल लावायचा मोह आवरायचा. चालीला विरोध नाही, ती कधी यावी एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडच्या मुलांच्या कानात आरत्या आणि भजनं इतकी मुरलेली असतात की कुठलीही कविता दिली तरी ती दोन मिनिटांत आरतीच्या चालीत बसते. मग सूर लक्षात राहतो आणि शब्द वाहून जातात. खात्री करून घ्यायची असेल तर चालीत पाठ केलेली कविता मुलांना पाचव्या ओळीपासून, चाल न लावता म्हणायला सांगा. बहुतेकजण मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरू करतात.

आवाजाच्या चिठ्ठ्या

त्याच दिवशी उरलेल्या दहा मिनिटांत. एकसुरी म्हणणं मोडायला यासारखा उपाय नाही. सहा चिठ्ठ्या करायच्या: एसटीचा कंडक्टर, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, क्रिकेटचं समालोचन, झोपलेल्या बाळाशेजारी कुजबुज, गोष्ट सांगणारी आजी, रागावलेले मुख्याध्यापक. गटाने एक चिठ्ठी उचलायची, कवितेच्या चार ओळी त्या आवाजात म्हणायच्या आणि बाकीच्यांनी ओळखायचं.

वर्ग हसतो, दंगा होतो. तो चालू द्या, पण नंतर एक प्रश्न न चुकता विचारा: ‘यातला कुठला आवाज या कवितेला शोभला?’ हा प्रश्न राहिला तर खेळ नुसती नक्कल होऊन संपतो. दुसऱ्या कडव्याला बहुधा कुजबुज शोभते, कारण कुर्ली बिळातून बघते आहे. हे मुलं सांगतात तेव्हा ती कवितेचा भाव सांगत असतात, फक्त त्याला भाव म्हणत नाहीत.

दुसरी तासिका: टाळी, पाय आणि अक्षरं

वरची कविता अष्टाक्षरी आहे, ओळीत आठ अक्षरं. मोजताना स्वरचिन्हासह एक अक्षर धरायचं आणि जोडाक्षरही एकच: ‘पत्र्यावर’ म्हणजे प-त्र्या-व-र, चार. पाचवीपर्यंतची बरीच मुलं ‘त्र्या’ची दोन-तीन अक्षरं मोजतात, म्हणून हा शब्द मुद्दाम पहिल्यांदा घ्यावा.

खरी अडचण वेगळीच असते. ‘पावसाचा’ हा शब्द आपण बोलताना ‘पाव्-सा-चा’ असा तीन ठोक्यांत बोलतो, मोजायला मात्र पा-व-सा-चा ही चार अक्षरं. मुलं टाळीने मोजतात तेव्हा तीनच टाळ्या येतात आणि ‘बाई, ओळ चुकलीय’ अशी तक्रार येते. तक्रार बरोबर आहे! त्यांना सांगावं की म्हणताना आपण ‘व’ला थोडी जागा देतो, ओवी किंवा अभंग म्हणताना देतात तशी. दोन-तीनदा लांबवून म्हणून दाखवलं की कान लागतो. व्याख्या देऊन लागत नाही.

टाळी कुठे मारायची? अनेकजण आठ अक्षरांचे चार-चार असे सरळ दोन भाग करतात. पहिल्या ओळीला ते जमतं: पत्र्यावर / पावसाचा. दुसऱ्या ओळीत चौथ्या अक्षरावर तोडलं तर ‘ढोल वाज / तो तालात’ होतं आणि मुलं पुढे आयुष्यभर तसंच म्हणतात. ती ओळ पाच-तीन अशी आहे: ढोल वाजतो / तालात. या कवितेतल्या पहिल्या, पाचव्या आणि सातव्या ओळी चार-चारच्या, बाकीच्या पाच-तीनच्या. हे शिक्षकाने सांगण्याऐवजी गटांना शोधायला द्यावं. ओळ वहीत लिहायची आणि जिथे श्वास घेता येईल तिथे उभी रेघ मारायची. दहा मिनिटांचं काम आहे आणि सहावी-सातवीची मुलं त्यात रंगून जातात.

मग पाय. रत्नागिरीकडच्या मुलांना जाखडी ठाऊक असते: मधे गाणारे-वाजवणारे बसलेले, भोवती गोल धरून नाचणारे, पायांत चाळ. वर्गातली बाकं भिंतीला लावा, चार मुलं मधे बसवा, त्यांनी ओळ म्हणायची. बाहेरच्या गोलाने ओळीच्या आरंभाला उजवा पाय, रेघेच्या जागी डावा पाय आणि ओळ संपली की टाळी. आधी संथ, तीन फेऱ्यांनंतर वेग. वेग वाढला की शब्द खाल्ले जातात. तसं झालं की थांबून पुन्हा संथ फेरीवर यावं. खाली फरशी असेल आणि पावसाळ्यात ती ओली असेल तर पायांऐवजी मांडीवर थाप मारावी. पाय घसरून पडलं की तास तिथेच संपतो.

जोडीने गाऱ्हाण्याचा सांगाडा वापरता येतो. सिंधुदुर्गातल्या मुलांना एकाने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं ही रीत समजावून सांगावी लागत नाही. देवापुढचं गाऱ्हाणं जसंच्या तसं वर्गात आणू नये. ते घरच्यांच्या श्रद्धेचं असतं, आणि वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. फक्त रचना उसनी घ्यायची. शाळेचं गाऱ्हाणं, ओहळाचं गाऱ्हाणं, कुर्लीचं गाऱ्हाणं: ‘माझ्या बिळात कोणी काठी घालू नये रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ वर्गात कधीच न बोलणारी मुलं घोषात पहिल्यांदा तोंड उघडतात. अडखळत बोलणाऱ्या मुलाला एकट्याने ओळ म्हणायला लावण्याआधी चार-पाच वेळा तरी घोषातच ठेवावं.

आठवीच्या वर्गाला याच्या पुढे नेता येतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत आणि परिपाठामुळे किंवा घरच्या सवयीने ते बऱ्याच मुलांना येतात. त्या वृत्तात ओळीत बारा अक्षरं असतात, लगागा लगागा लगागा लगागा. ल म्हणजे लघू, आखूड उच्चाराचं अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब उच्चाराचं. लघूला चुटकी, गुरूला टाळी: चुटकी-टाळी-टाळी, चार वेळा. एकदा हात बसला की गण पाडणं हा व्याकरणाच्या तासातला त्रास राहत नाही.

तिसरी तासिका: पट्ट्या आणि गाळलेले शब्द

दोन दिवस ऐकलेली कविता इथे मुलं पट्ट्यांवर लिहिलेली बघतात. प्रत्येक गटाला आठ विस्कटलेल्या पट्ट्या. सात मिनिटांत क्रम लावायचा. आठवून लावला तरी चालेल, पण एक अट: प्रत्येक दोन ओळी शेजारी का, याचं कारण सांगता आलं पाहिजे. ‘कारण तशीच होती’ हे उत्तर चालत नाही. ‘बाहेरला आहेर जुळतं’ हे चालतं. ‘आधी ओहळ आला, मग कुर्लीने बघितलं’ हे त्याहून चांगलं.

हीच कृती अजिबात न ऐकलेल्या कवितेवर केली तर जास्त रंगते. तेव्हा एखाद्या गटाचा क्रम मूळ कवितेपेक्षा वेगळा आणि तरी चालण्याजोगा निघतो. त्याला ‘चूक’ म्हणू नका. दोन्ही क्रम फळ्यावर शेजारी लिहून वाचा आणि काय बदललं ते विचारा.

मग फळ्यावर कविता लिहून तिच्यातले तीन-चार शब्द गाळायचे. शब्दांची निवड महत्त्वाची. फक्त यमकाचे शब्द गाळले तर मुलं कानाने भरतात, विचार करत नाहीत. चित्र उभं करणारा शब्द गाळा:

चाळ बांधून ______
नाचत येतो शेतात.

प्रस्ताव येतात: मोर, बेडूक, वारा, मुलगी. आता अट घाला की तीन अक्षरंच हवीत. मोर आणि वारा बाद, बेडूक आणि मुलगी टिकतात. त्यानंतर ‘ओहळ’ दाखवा आणि विचारा, कवितेने बेडूक का नाही घेतला? ओहळाचा खळखळाट आणि चाळांचा आवाज, दोन्ही मुलांनी ऐकलेले असतात. जोडणी त्यांना करू द्या. कोणी म्हणेल की बेडूकच बरा. म्हणू द्या, पण बेडकाच्या पायात चाळ कशाचे, ते त्याने सांगावं.

अर्थाची चर्चा

आता कठीण शब्द. तेही आधी मुलांना विचारायचे. ‘ओहळ’ला मालवणकडची मुलं व्हाळ म्हणतील, रत्नागिरीकडची पऱ्या. ‘चाळ’ म्हटल्यावर एखाद्याला मुंबईत काका राहतात ती चाळ आठवेल आणि ओहळाने इमारत कशी बांधली असा प्रश्न पडेल. तिथे जाखडीतले पाय आठवून द्यावेत. फळ्यावर पुस्तकातला शब्द आणि घरचा शब्द शेजारी शेजारी लिहावेत. घरचा शब्द खोडून पुस्तकातला लिहायला लावला की मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही.

प्रश्न तीन पायऱ्यांचे. पहिल्या पायरीचा एखादाच: कुर्ली कुठे बसली आहे? दुसरीचे दोन: पाहुणा कोण, आणि कुठल्या ओळीवरून? इथे वर्गात दोन तट पडतात. पाऊस म्हणणारे आणि ओहळ म्हणणारे. दोघांकडेही पुरावा आहे, कवितेने नाव घेतलेलं नाही. शिक्षकाने निकाल देऊ नये. दोन्ही बाजूंनी एकेक ओळ वाचून दाखवली की चर्चा पूर्ण झाली.

तिसरी पायरी सगळ्यात मोलाची, आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. ‘चिखलाचा आहेर’ ही थट्टा आहे का? मोठ्या माणसांना ती थट्टाच वाटते: लग्नाला आला आणि साडीऐवजी चिखल घेऊन आला. पण पहिल्या पावसात बॅटरी घेऊन शेतात कुर्ल्या धरायला गेलेला मुलगा म्हणेल की कुर्लीला चिखल हवाच असतो, तिच्यासाठी तो खराच आहेर. शेवटचं उद्गारचिन्ह मग वैतागाचं की आनंदाचं? दोन्ही प्रकारे ओळ म्हणून बघा. एकाच ओळीचे दोन अर्थ नुसत्या आवाजाने वेगळे होतात हे वर्गाला तिथे ऐकू येतं. अशी जागा प्रत्येक चांगल्या कवितेत एखादी तरी असते. तयारी करताना ती शोधून ठेवणं हे शिक्षकाचं मुख्य काम, बाकी सगळं साहित्य-सामग्री.

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. पहिला हात वर आला की लगेच त्यालाच विचारलं तर उरलेला वर्ग विचार थांबवतो. ‘बरोबर!’ म्हणण्याऐवजी ‘अजून कोणाला काय वाटतं?’ म्हटलं की दुसरं उत्तर येतं.

नाट्यीकरणाबद्दल थोडक्यात. सगळ्यांना कुर्लीच व्हायचं असतं, ओहळ व्हायला कोणी तयार नसतो. म्हणून नाटक न करता ‘पुतळे’ करावेत: गटाने एका ओळीचं चित्र अंगाने उभं करायचं आणि दहा आकडे हलायचं नाही, बाकीच्यांनी ओळ ओळखायची. वेशभूषेत वेळ घालवू नका.

चौथी तासिका: स्वतःच्या चार ओळी

‘पावसावर कविता लिहा’ असं सांगितलं की पंचवीस वह्यांत एकच कविता येते: पाऊस आला, मोर नाचला, सृष्टी हिरवीगार झाली. दोष मुलांचा नाही. त्यांच्यापुढे पाऊस नसतो, पावसावरचे निबंध असतात. म्हणून सुरुवात वर्गाबाहेर करायची.

दहा मिनिटं अंगणात किंवा पडवीत. वहीत पाच नोंदी: दोन पाहिलेल्या, दोन ऐकलेल्या, एक वासाची किंवा स्पर्शाची. सुंदर, छान, मस्त, रम्य, हिरवेगार या पाच शब्दांना बंदी. ही बंदी फळ्यावरच लिहावी. मुलं कुरकुरतात, पण शब्द शोधायला लागतात. जांभ्याच्या भिंतीवरचं शेवाळ ‘हिरवंगार’ म्हणता येईना की ‘ओल्या मांजरासारखं’ असं काहीतरी येतं.

वर्गात परतल्यावर एकच वस्तू निवडायची. तिच्यासमोर ती काय काय करते अशी पाच क्रियापदं. मग ‘हे करताना ती कोणासारखी दिसते?’ याचं एक उत्तर. त्यानंतर चार ओळी, यमकाशिवाय. हा क्रम बदलू नये. यमक आधी आलं की झाड, पाड, लाड अशी मालिका सुरू होते आणि अर्थ तिच्यामागे फरफटतो.

मसुदा समजा असा आला: ‘माझ्या घरामागे एक फणसाचे झाड आहे. ते खूप मोठे आणि सुंदर आहे. त्याला फणस लागतात. ते खाली पडतात.’ इथे लाल पेन काढायचं नाही, प्रश्न विचारायचे. फणस कुठे लागतात? बुंध्याला, फांदीला. किती? पाच. बुंध्याला चिकटलेले कसे दिसतात? कडेवर घेतल्यासारखे. पडताना आवाज? धपकन. तेव्हा आसपास कोण होतं? गुरं. उत्तरं त्यानेच कागदावर लिहायची, आणि मग आठ अक्षरांत बसवायची:

फणसाच्या कडेवर
पाच काटेरी लेकरं,
धपकन एक पडे
पळती सगळी गुरं.

यातलं जवळजवळ सगळं त्याच्या उत्तरांतून आलं आहे. शिक्षकाने फक्त ‘खूप मोठे आणि सुंदर’ गाळायला लावलं आणि ‘काटेरी कोण?’ एवढं विचारलं. अक्षरं बसवताना क्रियापद पुढे-मागे करायची मुभा आहे हे सांगून ठेवा. एखादी ओळ नऊ अक्षरांची राहिली तर राहू द्या, म्हणताना खटकली तर ते मूल स्वतःच बदलेल.

यमकासाठी गटाने मिळून आधी सहा तरी शब्दांची यादी करावी आणि त्यातला अर्थाला बसणारा निवडावा. एकही बसला नाही तर यमक सोडून द्यावं. शुद्धलेखन पक्क्या प्रतीच्या वेळी. बोलीतला शब्द ही शुद्धलेखनाची चूक नाही, तो तसाच ठेवावा.

हे काम घरी देऊ नये. घरी दिलं की कविता मोठ्या भावाची, आईची किंवा मोबाईलमधली येते, आणि ती इतकी गुळगुळीत असते की लगेच ओळखू येते. मसुदा वर्गातच लिहावा, वहीही शाळेतच ठेवावी.

सहावीच्या पुढे शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांनी गाण्यातून एकमेकांना कोडी घालण्याच्या, धर्तीवर सवाल-जवाब लावता येतात. एका गटाने कवितेवर दोन ओळींचा सवाल रचायचा, दुसऱ्याने पाच मिनिटांत दोन ओळींचा जवाब. सवाल कवितेतून सुटेल असाच हवा, नाहीतर तो सामान्यज्ञानाची स्पर्धा होऊन बसतो.

पाठांतर

या चार तासिकांनंतर निम्म्या वर्गाला कविता आपोआप येते. उरलेल्यांसाठी फळ्यावरची कविता पुसत जायची. पहिल्या फेरीत प्रत्येक ओळीतला एक शब्द पुसा, ओळीचा पहिला शब्द मात्र ठेवा. वर्गाने पूर्ण कविता म्हणायची, पुसलेल्या जागेसकट. दुसऱ्या फेरीत आणखी एक. शेवटी फक्त पहिली अक्षरं उरतात: प, ढो, चा, ना. दहा मिनिटांत होतं. पुसायला मुलांनाच बोलवा, कुठला शब्द पुसायचा ते त्यांनी ठरवावं.

एका खोलीत चार इयत्ता असतील तर

वाडीवरच्या लहान शाळांत बऱ्याचदा हेच असतं. कविता सगळ्यांना एकच द्यावी, काम वेगळं. पहिली-दुसरी गोलात ताल धरतात आणि चित्र काढतात, तिसरी पट्ट्या जुळवते, चौथी गाळलेले शब्द आणि स्वतःच्या ओळी करते. ऐकण्याची तासिका एकत्र. चौथीतल्या मुलाला पहिलीच्या दोघांना कविता ऐकवायला बसवलं तर ताल नीट धरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते आणि तुमच्या हाताला दहा मिनिटं मिळतात.

नोंदी आणि प्रदर्शन

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्गातलं रोजचं काम बघून केलेल्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदीत ‘कविता तालासुरात म्हणते’ हे वाक्य सगळ्यांच्या नावापुढे उतरवण्यात काही हशील नाही. दिसलं ते लिहा: ‘ओळ का आवडली याचं कारण कवितेतला शब्द दाखवून सांगतो’, ‘न ऐकलेल्या ओळींचा क्रम अर्थावरून लावते’, ‘गटाच्या घोषात म्हणतो, एकट्याने अजून नाही’. तासाला पाच मुलांकडे लक्ष ठेवलं तर पाच तासिकांत 25 जणांचा वर्ग पुरा होतो.

सहल गणपतीपुळ्याला जाणार असेल तर शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे अर्धा तास ठेवावा. मात्र मुलांना माहितीफलक उतरवून घ्यायला लावू नका. वर्गात झालेली कविता तिथे उभं राहून म्हणावी, तेवढं पुरे.

मुलांच्या पक्क्या प्रती भिंतीवर लावताना पावसाळ्यात चिकटपट्टी चुन्याच्या भिंतीवर एक रात्रसुद्धा टिकत नाही, आणि खळ लावली तर कागद फुगून बुरशी धरतो. दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगावेत, खिडकीपासून निदान हातभर आत. लिहायला बॉलपेन किंवा शिसपेन्सिल, स्केचपेन नको. दमट हवेत त्याची शाई पसरते. दर पंधरवड्याला कागद उतरवून फाईलला लावावेत आणि सुतळी पुढच्या कवितेसाठी रिकामी करावी.